दमसासाचं गणित: स्पर्धेत उतरणाऱ्या तरुण बासरीवादकांसाठी

विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत शास्त्रीय वादनाचे दोन विभाग असतात. एक तालवाद्यांचा आणि दुसरा बाकी सगळ्या वाद्यांचा. या दुसऱ्या विभागात सतार, सरोद, व्हायोलिन, संतूर, बासरी आणि सनई एकाच मंचावर, एकापाठोपाठ एक, त्याच परीक्षकांपुढे वाजतात. फुंकून वाजवायच्या, म्हणजे सुषिर वाद्यांना, तिथे वेगळी रांग नाही. त्यामुळे बासरी वाजवणाऱ्या मुलामुलींवर एक दडपण येतं. आपल्या आधीच्या सतारीचा झाला रंगतो, सभागृह टाळ्या देतं, आणि पडद्यामागे उभा असलेला बासरीवादक मनातल्या मनात आपली लय वाढवून घेतो. महिनाभर बसवलेला आलाप निम्म्यावर येतो, द्रुत गत लवकर सुरू होते आणि शेवटच्या दोन मिनिटांत फुंक पुरत नाही. ही चूक हाताची किंवा जिभेची नसते, आखणीची असते. तारेला श्वास घ्यावा लागत नाही, वादकाला लागतो. म्हणून बासरीच्या सादरीकरणाचा आराखडा तंतुवाद्याच्या आराखड्यावरून काढता येत नाही. तो दमसासापासून काढावा लागतो. राग कोणता, ताल कोणता, तिहाई केवढी, पहिला सूर कुठला, तबला कधी मिळवायचा, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात.

आधी परीक्षक काय मोजतात ते पाहू. भारतीय विद्यापीठ संघाच्या युवक महोत्सवांच्या नियमावलीत एकल शास्त्रीय वादनाला जास्तीत जास्त १५ मिनिटं असतात, मंचावर वाद्यं लावायला ५ मिनिटं आणि सोबत दोनच साथीदार. गुणदानाचे निकष म्हणून सूर, ताल, रागाची निवड, रचना आणि एकूण प्रभाव यांची नावं येतात. या यादीत वेग कुठेही नाही. ‘एकूण प्रभावा’त तो डोकावतो हे खरं, त्याकडे पुढे वळू. पण पहिले दोन निकष, सूर आणि ताल, बासरीवर दोन्ही श्वासाच्या हातात आहेत. जोरात फुंकलं की बासरीचा सूर चढतो, फुंक हलकी झाली की उतरतो. तान संपत आली की छातीतली हवाही संपत आलेली असते, आणि तान संपते ती बहुधा समेवर. म्हणजे ज्या क्षणी परीक्षक सर्वांत लक्ष देऊन ऐकतात, नेमका त्याच क्षणी थकलेल्या श्वासाचा सूर कणभर खाली बसतो. उलट श्वास पुरवण्यासाठी तान घाईने आटोपली तर सम मात्राभर आधी येते. म्हणजे सुराचे आणि तालाचे गुण एकाच कारणाने जातात. सतारवादकाची तान फसली तर ती बहुधा बोटांत फसते. बासरीवादकाची तान फसायला सुरुवात होते ती त्याने श्वास कुठे घेतला तिथपासून.

आखणीच्या कामाला स्टॉपवॉच लागतं, आणि त्याचा संकोच वाटायचं कारण नाही. रियाजाच्या वेळी मध्य सप्तकातला षड्ज, मंद्र पंचम आणि तार षड्ज हे तीन सूर किती सेकंद न थरथरता, न उतरता टिकतात ते मोजा. सूर ऐकू येणं बंद झालं की घड्याळ थांबवायचं असं नाही. सूर जिथे ढळायला लागला तिथेच थांबवायचं. तिन्ही आकडे वेगळे येतील. लांब बासरीच्या मंद्रात हवा जास्त खर्च होते आणि तारात ओठांवर ताण येतो. आता जो सर्वांत लहान आकडा आला त्याचा दोन तृतीयांश भाग घ्या आणि मंचासाठीचं माप म्हणून तो धरा. घरी १२ सेकंद टिकणारा सूर मंचावर ८ सेकंद टिकेल असं समजून वाक्यं बसवा. मंचावर छातीची धडधड वाढते, श्वास वरवर चालतो, तोंड कोरडं पडतं. हे प्रत्येकाचं होतं. त्यामुळे धीर धरण्याचा उपदेश करण्यापेक्षा हिशेबातच ती तूट धरून चालणं शहाणपणाचं. घरी जेमतेम जमणारी तान मंचावर फसणार हे जवळपास ठरलेलं असतं. घरी श्वास उरवून संपणारी तान मंचावर बरोबर पुरते.

हे माप हातात आलं की तालाची निवड सोपी होते. विलंबित एकतालात एका मात्रेला ४ सेकंद धरले तर १२ मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. ५ मिनिटांत जेमतेम ६ आवर्तनं मिळतात आणि प्रत्येक आवर्तनात ५-६ वेळा श्वास घ्यावा लागतो. ते श्वास वाक्यांच्या जोडावर पडले तर विलंबित भारदस्त वाटतं, मध्येच पडले तर तुटक. शिवाय ६ आवर्तनांत बढत दाखवायला अनुभव लागतो. त्याऐवजी मध्यलयीतला झपताल घेतला, मिनिटाला ६० मात्रांची लय ठेवली, तर आवर्तन १० सेकंदांचं होतं आणि तेवढ्याच ५ मिनिटांत ३० वेळा समेवर येता येतं. झपतालाचे खंड २-३-२-३ असे आहेत. सातव्या मात्रेच्या शेवटी श्वास घेऊन आठवीपासून मुखडा उचलला तर समेपर्यंत फक्त ३ सेकंद लागतात. छाती भरलेली असते, सूर उतरत नाही, आणि तालावरची पकडही परीक्षकांना पुन्हा पुन्हा दिसते. रूपकाचंही तेच. ज्यांचं विलंबित खरोखर पक्कं आहे त्यांनी ते जरूर वाजवावं, पण अकराव्या मात्रेच्या आरंभी श्वास घेऊन शेवटच्या दोन मात्रा एका फुंकेत समेपर्यंत नेण्याची सवय लावून घ्यावी. विलंबित वाजवलं नाही म्हणून गुण जातील या भीतीने कच्चं विलंबित मांडणं हा सर्वांत महागडा सौदा आहे.

द्रुत लयीत गणित आणखी कडक होतं. मिनिटाला २४० मात्रांच्या तीनतालात एक आवर्तन ४ सेकंदांत संपतं, म्हणजे दोन आवर्तनांची तान ८ सेकंदांची. मंचावरचं तुमचं माप ८ सेकंदांचं असेल तर ही तान काठावरची झाली. दीड आवर्तनाची करा आणि उरलेल्या अर्ध्या आवर्तनाची फुंक समेच्या सुरासाठी राखून ठेवा. तिहाईच्या बाबतीत तर वाद्याला साजेसा मार्ग परंपरेनेच ठेवला आहे. दमदार तिहाईत तीन पल्ल्यांच्या मध्ये दोन विराम येतात आणि त्यांत श्वास घेता येतो. बेदम तिहाई सलग जाते. तबलजी किंवा सतारवादक बेदम तिहाई वाजवतो तेव्हा त्याचे फक्त हात थकतात. बासरीवर ती तीन पल्ले मिळून एका फुंकेत बसली पाहिजे. १६ मात्रांची बेदम तिहाई २४०च्या लयीत ४ सेकंद घेते, तेव्हा चालेल. तीच १२०च्या लयीत ८ सेकंद घेते, तेव्हा दमदार करा. प्रत्येक तिहाई वहीत लिहिताना मात्रांच्या शेजारी सेकंदही लिहिण्याची सवय लागली तर निम्मे अपघात टळतात.

रागाची निवडही वाद्याच्या रचनेपासून सुरू व्हायला हवी. सहा छिद्रांच्या बासरीवर वरची तीन छिद्रं बंद केली की षड्ज मिळतो, दोन बंद केली की रिषभ, एक बंद केलं की गंधार, आणि सगळी उघडली की तीव्र मध्यम. शुद्ध मध्यमासाठी पहिलं छिद्र अर्धं झाकावं लागतं. कोमल रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद हेही असेच अर्ध्या छिद्राचे सूर आहेत. याचा अर्थ सरळ आहे: यमन, भूप, हंसध्वनी या रागांत एकही अर्धं छिद्र लागत नाही, तोडीत कोमल रिषभ, कोमल गंधार, कोमल धैवत मिळून तीन लागतात. अर्ध्या छिद्राचा सूर बोटाच्या कोनावर आणि फुंकेच्या दाबावर एकाच वेळी अवलंबून असतो, म्हणून घाबरलेल्या श्वासात तो सर्वांत आधी ढळतो. दुसरी अडचण मध्यम आणि पंचमाच्या मधली. मध्यमाला छिद्रं उघडी असतात आणि पंचमाला सहाही बंद, त्यामुळे या दोन सुरांमधली अखंड मींड वाद्याच्या रचनेतच अडते. केदारसारख्या रागाचा सगळा जीव या वळणात आहे. तो बासरीवर अशक्य नाही, पण त्यासाठी वर्षं द्यावी लागतात. तिसरी मर्यादा मंद्राची. साध्या बासरीचा सर्वांत खालचा सूर मंद्र पंचम असतो. पन्नालाल घोष यांनी लांब बासरी रूढ केली आणि मंद्रातल्या तीव्र मध्यमासाठी तिला सातवं छिद्र दिलं; साध्या बासरीवर दरबारी कानड्यासारख्या खाली खोल उतरणाऱ्या रागाची मांडणी अर्धवट राहील.

यावर आक्षेप येतो की यमन आणि भूप सगळेच वाजवतात, परीक्षकांचे कान विटलेले असतात, ‘रागाची निवड’ या निकषावर मग गुण कसे मिळणार? आक्षेप रास्त आहे, पण त्याचं उत्तर अवघड रागाकडे धाव घेणं हे नाही. वाद्याला मानवणारे आणि तरी कमी ऐकले जाणारे राग आहेत. मधुवंतीत अर्ध्या छिद्राचा एकच सूर लागतो, कोमल गंधार. मारव्यात कोमल रिषभ तेवढा. मात्र षड्ज चुकवत राहण्याची त्याची चाल प्रौढ जाण मागते. शुद्ध सारंगात दोन्ही मध्यम शेजारी येतात आणि बासरीवर ते खुलून दिसतात. वेळेचाही विचार करा. स्पर्धेचा क्रम अनेकदा चिठ्ठ्या टाकून ठरतो, आणि सकाळी ९ वाजता यमन वाजवणाऱ्याबद्दल परीक्षकांच्या मनात पहिल्याच मिनिटाला प्रश्न उभा राहतो. सकाळचे पुष्कळ राग कोमल रिषभ-धैवताचे असल्यामुळे बासरीला महाग पडतात. तिथे देशकार उपयोगी येतो. त्याचे सूर भूपाचेच, म्हणजे एकही अर्धं छिद्र नाही, आणि राग दिवसाच्या पहिल्या प्रहरांतला. फक्त धैवताचं प्राबल्य सांभाळावं लागतं, नाहीतर तोच भूप होतो. आणि हा फरक स्वच्छ दाखवता आला तर तीच रागाच्या समजेची पावती ठरते. म्हणून एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा असे दोन राग तयार ठेवा. पाच राग अर्धे बसवण्यापेक्षा हे बरं.

आता वेगाचा आक्षेप. तो दोन अंगांनी येतो. एक असा की पंडित हरिप्रसाद चौरसिया आणि त्यांच्यानंतरचे अनेक वादक जोड-झाला आणि अतिद्रुत गत वाजवतात, मग आम्ही का नको? ‘नको’ असं म्हणणं नाहीच. पण त्यांनी ते कसं आणलं हे पाहण्यासारखं आहे. चौरसिया शिकले अन्नपूर्णादेवींकडे, ज्या सूरबहार वाजवत. तंतुवाद्यातली बढत त्यांनी जिभेच्या आघातांत उतरवली. चिकारीची तार बासरीला नाही हे मान्य करूनच लयीचा वेगळा खेळ उभा केला. पन्नालाल घोषांनी त्याआधी ख्यालगायकीची विलंबित बढत बासरीवर आणली होती. दोघांनी इतरांकडून घेतलं, पण घेतलेलं श्वासाच्या मापात कापून घेतलं. नक्कल करायचीच तर या कापण्याची करावी. दुसरं अंग असं की ‘एकूण प्रभाव’ वेगानेच पडतो, टाळ्या तिथेच येतात. टाळ्या येतात हे खरं. पण गुणपत्रिका हातात असलेला माणूस वेग ऐकताना त्यातले सूर सुटे ऐकू येतात का हेही ऐकत असतो, आणि बासरीच्या खालच्या सप्तकात जलद जिभेचे आघात सहज एकमेकांत मिसळतात. यासाठी एक सोपी चाचणी आहे. आपलं द्रुत मोबाईलवर मुद्रित करा आणि निम्म्या वेगाने ऐका. प्रत्येक सूर वेगळा आणि जागेवर ऐकू आला तर ती लय तुमची. नाही आला तर मिनिटामागे २० मात्रा कमी करून पुन्हा मुद्रित करा. जी लय या चाचणीत उतरते तीच मंचावर न्यायची. शेजारच्या सतारीने काय वाजवलं याचा तिच्याशी संबंध नाही.

पाश्चात्त्य संगीतात या वाद्यांची स्थिती कशी आहे हे पाहिलं की आपल्याकडची जबाबदारी जास्त स्पष्ट होते. ब्रिटनमध्ये १९७८ साली सुरू झालेल्या ‘बीबीसी यंग म्युझिशियन’ स्पर्धेत काष्ठवाद्यांना, म्हणजे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून यांना, स्वतंत्र विभाग आहे. तरीही अंतिम फेरीत पियानो आणि व्हायोलिनशी सामना टळत नाही. आणि तिथे १९८० साली निकोलस डॅनियल यांनी ओबोवर, १९८४ साली एमा जॉन्सन यांनी क्लॅरिनेटवर विजेतेपद मिळवलं. म्हणजे फुंकवाद्य मिश्र रांगेत मागे पडतंच असं नाही. पण तिथल्या स्पर्धकाला मोठी सोय असते. त्याची रचना आधी लिहिलेली असते, बहुतेक वेळा त्याच वाद्यासाठी, त्या वाद्याचा श्वास ओळखणाऱ्या संगीतकाराने. वाक्य कुठे संपतं ते कागदावर दिसतं, श्वासाच्या खुणा शिक्षक पेन्सिलने करून देतात. हिंदुस्तानी संगीतात वादक स्वतःच त्या क्षणी रचनाकार असतो. त्यामुळे श्वासाची जागा आधी ठरवून ठेवणं हे त्याचंच काम. इथे कुणी म्हणेल की सगळं असं ठरवून वाजवलं तर उपज कुठे राहिली, शास्त्रीय संगीताचा प्राणच गेला. पण ठरवायच्या आहेत त्या जागा, सूर नव्हेत. समेआधीचा श्वास, मुखड्याआधीचा श्वास, तिहाईतले विराम आणि कोणत्या मिनिटाला कोणता टप्पा, इतकं पक्कं असलं की मधली वाक्यं मोकळी सोडता येतात. श्वासाची चिंता डोक्यात असताना उपज सुचत नाही. ती चिंता आधीच मिटवलेल्या वादकाला सुचते.

१५ मिनिटांची एक वाटणी अशी करता येईल: आलाप ४ मिनिटं, झपताल किंवा रूपकातली मध्यलय ६ मिनिटं, द्रुत तीनताल ४ मिनिटं आणि १ मिनिट शिल्लक. ते शिल्लक मिनिट मोडून वाजवू नका. वेळ ओलांडल्याने गुण जातात आणि घंटी वाजल्यावर घाईने मारलेली तिहाई सगळ्यांना कळते. शालेय स्पर्धांत अनेकदा ५-६ मिनिटंच मिळतात. तिथे विलंबिताचा विचार सोडा, मिनिटभर औचार आलाप करून थेट एक मध्य-द्रुत बंदिश घ्या. एवढ्या थोड्या वेळात आलाप कशाला, असं पालकांना वाटतं. पण त्या एका मिनिटात परीक्षकांना तुमचा नुसता सूर ऐकू येतो, तबल्याच्या आडोशाविना, आणि सुराचे गुण मनात तिथेच पडायला लागतात. आलापाचा पहिला सूर मध्य षड्ज किंवा मंद्र निषाद ठेवा. मंद्र पंचमाला सैल, संथ फुंक लागते आणि तार षड्जाला आवळलेले ओठ. पहिल्या मिनिटाच्या भीतीत दोन्ही हाताशी नसतात. मध्य सप्तकात दोन-तीन वाक्यं झाली, श्वास पोटापर्यंत उतरला, की मग खाली-वर जा.

साथ आणि तापमान यांचं गणित बहुतेकांच्या हातून निसटतं. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ३० अंशांना सुमारे ३४९. त्या प्रमाणात हवेच्या नळीचा सूर चढतो. १० अंशांच्या फरकाने अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासपर्यंत. फुंकेच्या उबेने हा फरक काहीसा कमी होतो, पण नाहीसा होत नाही. म्हणून वातानुकूलित सभागृहात थंड पडलेली बासरी सुरुवातीला उतरलेली असते आणि वाजवता वाजवता चढते. तारा खुंटी पिळून मिळवता येतात. बासरीचा सूर बांबूच्या लांबीत आणि छिद्रांच्या जागांत कायमचा ठरलेला असतो. म्हणून क्रम असा ठेवा: मंचामागे ५ ते १० मिनिटं सावकाश वाजवून बासरी उबदार करा, मग त्या तापलेल्या बासरीला तानपुरा लावा, आणि शेवटी तबला. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यात सूर बारकाईने खालीवर करता येतो, त्याचा उपयोग करा. नुसतं ‘पांढरी तीन’चं बटण दाबून बसू नका. तबलजींना आठवडाभर आधी तुमची पट्टी सांगा. काळी एकचा दायां पांढरी तीनपर्यंत ओढता येत नाही, वेगळा दायां आणावा लागतो. मंचावर मिळणारी ५ मिनिटं या शेवटच्या जुळवणीसाठी आहेत, शोधाशोधीसाठी नव्हेत.

ध्वनिक्षेपकाबाबत दोनच गोष्टी. माइक फुंकेच्या थेट वाटेत आला की सुरापेक्षा वारा जास्त ऐकू येतो. तो फुंकेच्या छिद्राजवळ पण किंचित वर किंवा बाजूला हवा. आणि ध्वनिव्यवस्थेतला कृत्रिम घुमारा कमीत कमी मागा. घुमाऱ्याने आलाप गोड वाटतो, पण द्रुतातले सूर एकमेकांत मिसळतात आणि तुमची स्वच्छ जीभही अस्वच्छ ऐकू येते. सनई आणि सुंदरी वाजवणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. सोलापूरच्या जाधव घराण्याने नावारूपाला आणलेली सुंदरी किंवा सनई माइकपासून लांब ठेवली तरी सभागृह भरते. त्यांचा धोका पत्तीत आहे. थंड, कोरड्या हवेत ती आखडते, म्हणून दोन-तीन चाचपलेल्या पत्त्या जवळ हव्यात आणि मंचावर जाण्याआधी ओल टिकवायला हवी. श्वास न तोडता वाजवण्याचं कसब सनईत परंपरेने आहे, पण उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई आठवून पाहा. अखंड फुंक हाताशी असतानाही त्यांची वाक्यं गाण्याच्या वाक्यांसारखी संपत. श्वास लपवता येतो म्हणून वाक्य संपवायचंच नाही, असा अर्थ सनईवादकांनीही काढू नये.

पालक आणि शिक्षकांसाठी थोडं. १२-१३ वर्षांच्या मुलाच्या हातात पांढरी तीनची लांब बासरी केवळ मोठ्या कलाकारांकडे असते म्हणून देऊ नका. बोटं ताणली की छिद्रं नीट झाकली जात नाहीत, हवा निसटते, आणि दमसासाचं सगळं गणित बोटांच्या बाजूने बिघडतं. पांढरी पाचची, दोन फुटांच्या आसपासची बासरी त्या वयाला पुरते. दातांना तारा बसवायच्या असतील तर तो मुहूर्त स्पर्धेनंतरचा ठेवा. ओठांची ठेवण बदलली की फुंक नव्याने बसवायला काही आठवडे जातात. स्पर्धेआधी पोटभर जेवण टाळावं, कारण भरलेलं पोट श्वासाला खाली उतरू देत नाही. शेवटच्या आठवड्यात नवी तान शिकवण्यापेक्षा संपूर्ण सादरीकरण घड्याळ लावून, जिना चढून आल्यावर लगेच, एकदा तरी वाजवून घ्या. धडधडणाऱ्या छातीने कुठला श्वास कमी पडतो हे तेव्हाच कळतं, आणि ती जागा बदलायला अजून वेळ असतो.

शेवटचा आक्षेप सर्वांत जुना आहे: कला ही स्पर्धेची गोष्टच नव्हे, आणि स्पर्धेसाठी असं मोजूनमापून बसवणं हा संगीताचा अपमान. स्पर्धेचा निकाल म्हणजे कलेचं मोल नव्हे, हे मान्यच. परीक्षक बदलले की क्रमांक बदलतात. पण वर सांगितलेल्यांपैकी कोणती गोष्ट फक्त स्पर्धेपुरती आहे ते पाहा. समेचा सूर भरल्या फुंकेने लागावा, राग वाद्याच्या स्वभावाशी जुळावा, तबला बासरीला मिळालेला असावा, लय आपल्या आवाक्यातली असावी; आकाशवाणीच्या ध्वनिचाचणीत आणि तासाभराच्या मैफलीतही हेच लागतं. स्पर्धा फक्त ते १५ मिनिटांत दाटीवाटीने तपासते. म्हणून निकाल लागल्यावर परीक्षकांना भेटायची संधी मिळाली तर ‘माझा नंबर का नाही आला’ असं विचारू नका. त्याऐवजी दोन नेमके प्रश्न विचारा: माझा सूर कुठे उतरला, आणि कुठलं वाक्य मध्येच तुटलं? मुद्रण सोबत ठेवा, त्यांनी सांगितलेली जागा शोधा, आणि त्याच्या आधी श्वास कुठे घेतला होता ते तपासा. बहुतेक वेळा उत्तर तिथे सापडतं, आणि पुढच्या वर्षीची तयारी त्याच मात्रेपासून सुरू करता येते.